सुकलालची जाळी

सुकलाल सुरतेला डिंडोलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. उधन्याच्या एका लूमखात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, फिटर आहे. माणूस चांगला, पण एखादी गोष्ट समजावून सांगायला बसला की ऐकणाऱ्याला उठायची सोय ठेवत नाही. नळाचा वायसर बदलायला बोलावलं तर वायसर का झिजतो इथपासून सुरुवात. मी जन्मभर मराठी शाळेत शिकवलं, पण समजावून सांगायची एवढी हौस मला एकाही वर्गात आली नाही. त्याची बायको शोभाबाई म्हणायची, "बाई, यांना हटकत जा. नाहीतर भाजी करपेपर्यंत बोलत राहतील." मी हटकायची, तो हसायचा आणि पुढे बोलायचा.

त्याची गोष्ट मला सांगायची आहे ती राग आला म्हणून. कुणाचा राग, ते अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

लूमवर धोटा असतो. खात्यात त्याला सगळे शटल म्हणतात. दोन्ही टोकांना लोखंडी टोच बसवलेला हा लाकडी तुकडा दिवसभर इकडून तिकडे धावत असतो. कधीतरी तो वाट सोडून बाहेर उडतो, आणि समोर जो कोणी असेल त्याला लागतो. सुकलालचा चुलतभाऊ आनंदा याचा डावा डोळा असाच गेला. आता तो सोसायटीच्या फाटकावर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मान वळवून उजव्या डोळ्याने बघतो.

शटल अडवायला जाळी नसते असं नाही. असते. पण धागा तुटला की कारीगराला आत हात घालून गाठ मारावी लागते, आणि दर वेळी जाळी वर करायची, परत खाली घ्यायची, यात वेळ जातो. पगार विणलेल्या कापडाच्या मीटरवर. म्हणून पहिल्याच आठवड्यात जाळी सुतळीने वर बांधली जाते ती कायमची. आनंदाच्या लूमवरचीही तशीच बांधलेली होती, आणि ती त्याने स्वतःच बांधली होती.

सुकलालने जाळी लूमच्या हँडलला जोडली. हँडल ओढून लूम थांबवला की जाळी आपोआप वर जाणार, लूम सुरू केला की आपोआप खाली येणार. कारीगराने काहीच करायचं नाही. त्यातली खरी गोम मागच्या बाजूला होती. तिथे त्याने एक वजन टांगलं होतं, त्यामुळे जाळी सावकाश उतरायची आणि कुणाचा हात आत राहिला असेल तर त्यावर टेकून थांबायची. हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मीच एखादी बसवून देईन.

पेटंट घ्यायचं डोक्यात आलं ते या वजनापायी. पैशाची हाव नव्हती असं मी म्हणणार नाही, तो काही साधू नाही. पण त्याचं म्हणणं असं होतं की बाजारात कुठलीही चीज स्वस्त करताना पहिल्यांदा तीच वस्तू काढतात जी कारीगराच्या जिवासाठी घातलेली असते. "बाई, कागद माझ्या नावावर असला तर वजन काढून कोणी बनवू शकणार नाही. बनवलं तर मला विचारून, मी सांगतो तसं." एवढंच त्याला हवं होतं.

आता कानबाईचं सांगते. मी साताऱ्याकडची, मला हा देव माहीत नव्हता. श्रावणात खानदेशी माणसं घरी कानबाई बसवतात. नारळाला डोळे, नाक, नथ लावतात, लुगडं नेसवतात, दागिने घालतात, सगळी भावकी गोळा होते, रोट होतात. रविवारी बसली की सोमवारी तापीवर बोळवण. सुरतेत आलेल्यांनी गावचं बरंच काही सोडलं, कानबाई नाही सोडली. सुकलालच्या घरची रीत अशी की वर्षभरात घरात जे नवं येईल ते आधी तिच्यासमोर ठेवायचं. शिलाई मशीन आलं ते ठेवलं, त्याची मुलगी वर्षा बारावीला पास झाली तेव्हा मार्कांचा कागद ठेवला. करोनाच्या आदल्या वर्षी जाळी तयार झाली, मग तीही ठेवली. लूमचा पुढचा भाग, हँडल, वजन, सगळं पाटावर मांडून, हळदकुंकू लावून.

शोभाबाईची आई गावी, अमळनेरच्या बाजूला. गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेली. तिला देवी दिसावी म्हणून शोभाबाईचा भाऊ लोटू याने मोबाइल उभा करून सगळा सोहळा लाइव्ह लावला. म्हातारी तिकडे नातवाच्या फोनवर बघत होती, आणि दुसऱ्या फोनवरून बोलत होती. देवीजवळ काय ठेवलंय ते तिने विचारलं, "जवाईबापू, हाई देवीना जोडे काय ठेवेल शे?"

झालं. सुकलालला कोणी विचारायचाच अवकाश. "माडी, हाई मी बनाडेल शे. डोया वाचाडाले," म्हणून त्याने सुरुवात केली आणि एकेक भाग हातात घेऊन दाखवला. हँडल ओढून दाखवलं, जाळी वर, जाळी खाली. मागचं वजन किती असावं, कुठे टांगावं, जास्त झालं तर काय, कमी झालं तर काय. म्हातारीला त्यातलं किती कळलं देव जाणे. शेवटी ती म्हणाली, "मना आनंदानासाठे पहिलेच कराले पायजे व्हतं." आनंदा तिथेच बसला होता. बायका डोळे पुसायला लागल्या. मी खोटं कशाला बोलू, मीही पुसले. त्या घरात त्या दिवशी सुकलालइतका सुखी माणूस दुसरा नव्हता.

दिवाळीनंतर तो पेटंटसाठी हर्षदाकडे गेला. हर्षदा रिंगरोडवर अशा अर्जांचं काम करते. वडील बँकेत होते, मुलगी इथेच वाढली, त्यामुळे बोलते अर्धं मराठी, अर्धं गुजराती. अर्ज इंग्रजीत, म्हणून सुकलाल मला बरोबर घेऊन गेला. तिने सगळं नीट विचारलं, तिला बोल लावायला जागा नाही. "काका, अरजी करवा पहलां, अर्जाच्या आधी, हे कुठे दाखवलं होतं? प्रदर्शनात, कारखान्यात, कुणालाही? हे मला खरं सांगायचं."

"नही बेन," सुकलाल म्हणाला. "कोणलेच नही."

तो खोटं बोलला नाही. मी शेजारी बसले होते, मलाही ते खोटं वाटलं नाही. कानबाईसमोर ठेवणं हे दाखवणं असतं हे आमच्या दोघांच्याही मनाला शिवलं नाही. देवासमोर ठेवतात ते घरातलंच असतं. खात्याचा शेठ, बाजारातले व्यापारी यांच्यापासून त्याने जाळी फडक्यात गुंडाळून लपवली होती, आणि दाखवणं म्हणजे त्यांना दाखवणं.

अर्ज गेला. मग वर्षं गेली. करोना आला, खाती बंद पडली, उघडली. दरम्यान नियमाप्रमाणे अर्ज छापून आला, म्हणजे कुणालाही वाचता येईल असा. सुकलालने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि भावकीत पेढे वाटले. आता मंजुरीच येणार अशी त्याची समजूत. वर्षाचं लग्न ठरत होतं, तिथेही त्याने व्याह्यांना जाळीच समजावून सांगितली.

मंजुरी आली नाही, हरकत आली. भाईदास म्हणून उधन्यात लूमचे सुटे भाग विकणारा एक व्यापारी आहे. त्याने लिहून दिलं होतं की ही वस्तू नवी नाही, अर्जाच्या आधीपासून सगळ्या जगाला माहीत आहे. पुरावा म्हणून त्याने एक व्हिडिओ जोडला होता. 'सुकलालभाऊंकडे कानबाई.' लोटूने लाइव्ह लावलेलं इंटरनेटवर तसंच राहिलं होतं, कुणालाही बघता येईल असं. काढायचं असतं हे कुणाला माहीत?

हर्षदाने तो तिच्या टेबलावर आम्हाला लावून दाखवला. देवीची नथ चमकत होती, मागे बायकांची गाणी, आणि मधोमध सुकलाल सासूला वजन समजावून सांगतोय. बघणाऱ्याला हातात हत्यार दिलं तर जाळी बनवता येईल इतकं स्वच्छ. अर्ध्यात हर्षदाने तो बंद केला. "काका, कायद्यात हे कुणासमोर ठेवलं ते बघत नाहीत. अर्जाच्या आधी जगाला बघता आलं, एटले पत्युं, संपलं. नवं राहिलं नाही."

"कानबाईले दखाडं ते काय दखाडनं शे का?" सुकलालने तिला विचारलं, मग मला विचारलं. मी व्याकरण शिकवणारी बाई, मी काय सांगणार. घरी शोभाबाई एकच वाक्य धरून बसली होती. "मना भाऊनी मायले देवी दखाडी, त्याम्हा काय गुन्हा शे?" गुन्हा काहीच नव्हता. म्हातारी तोवर वारली होती. तिने बघितलेली ती शेवटची कानबाई.

सुनावणी संगणकावरच झाली. समोरचे साहेब सभ्य होते. त्यांनी सुकलालला बोलू दिलं, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात आटोपलं. "साहेब, वस्तू माझी आहे." साहेब म्हणाले, तुम्ही बनवली यात शंका नाही, प्रश्न तो नाही. निर्णय आला तो अर्ज नामंजूर असा. अपिलात काही निघणार नाही हे हर्षदाने स्वतःच सांगितलं, तेवढी ती सरळ.

महिन्याभरात भाईदासच्या दुकानात जाळ्या टांगलेल्या होत्या. हँडलला जोडलेल्या, आपोआप वर, आपोआप खाली. मागे वजन नाही. सुकलाल त्याच्याकडे गेला तो भांडायला नाही, सांगायला. भाईदास गोड माणूस, चहा मागवला, वाईट वाटून घेऊ नका म्हणाला. "सुकलालभाई, खोटुं ना लगाडता. आ तो धंधो छे." वजन लावलं तर माल महाग होतो, शेठलोक घेत नाहीत, असं त्याने समजावलं. मग नेमकं व्हायचं तेच झालं. सुकलालच्या शेठनेच ओळीतल्या सगळ्या लूमना भाईदासचा माल घेतला, आणि फिटर म्हणून बसवायचं काम सुकलालकडे आलं.

त्याने बसवल्या. न बसवून करतो काय? घरून लोखंडाचे तुकडे नेऊन दोनचार जाळ्यांना वजन टांगून बघितलं, पण दुसऱ्यांच्या मापाला त्याचं वजन लागेना, जाळी अर्ध्यातच अडकायची. शेठने ते काढायला लावलं. कारीगर सगळे खानदेशाकडचेच, त्यांनी कानबाईत पाटावर मांडलेली जाळी बघितलेली, त्यांना खरं माहीत. म्हणून त्यांनी प्रेमाने तिला नावच पाडलं. जाळी कोणी म्हणेना. "सुकलाल वर कर," "सुकलालला तेल दे," असं खात्यात चालायचं. कागदावर जे मिळालं नाही ते असं मिळालं. शोभाबाईने मला हे सांगितलं तेव्हा तिला थोडं बरंही वाटत होतं.

थंडीत विठ्ठलचा हात सापडला. विठ्ठल विशीतला पोरगा, शिरपूरकडचा. धागा बांधत असताना हँडलला धक्का लागला आणि जाळी धाडकन आली. दोन बोटं गेली, तिसरं वाचेल की नाही सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून कारीगरांनी जाळ्या पुन्हा सुतळीने वर बांधल्या. शटल उघडं, जसं आनंदाच्या वेळी होतं तसं.

सुकलाल त्याला भेटायला त्याच्या खोलीवर निघाला. शोभाबाई मला म्हणाली, "बाई, तुम्ही जा संगे. हे तिथे काय बोलतील भरवसा नाही." वाटेत मी त्याला बजावलं. तुझी जाळी असती तर त्याच्या बोटावर टेकून थांबली असती. ही भाईदासची आहे. हे तू स्पष्ट सांग, नाहीतर मी सांगते. तो हूं हूं करत राहिला.

विठ्ठल औषधाच्या गुंगीत आत पडला होता. त्याची बायको रंजना नुकतीच गावाहून आलेली, दिवाळीतच लग्न झालेलं. तिला आम्ही कोण ते माहीत नव्हतं. खात्यातली माणसं आली एवढंच तिने धरलं, डोक्यावरचा पदर सारखा करत आम्हाला बसवलं आणि चहा टाकला. कप आणून समोर ठेवले. मग खाली बसून भिंतीकडे बघत म्हणाली, "सगळा म्हणतस सुकलालम्हा हात सापडना. तो सुकलाल कोण शे, माले एक डाव देखनं शे. ज्या हातवरी त्यानी ते बनाडं, ते हात सडी जावोत."

मी तोंड उघडलं. भाईदास, वजन, कानबाई, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते मला सुधरेना. रोज तासभर तेच सांगणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता. त्याने वजनाचं नाव काढलं नाही.

"मीच शे तो," सुकलाल म्हणाला. "मनीच शे ती जाळी."

रंजनाने त्याच्याकडे नीट बघितलं. दोन्ही भरलेले कप उचलले आणि आत घेऊन गेली.