सहा मुठींचं वजन

आई डाळ मुठीने मोजायची. आम्ही पाच माणसं, म्हणून पाच मुठी आणि वर एक मूठ भांड्याची. ही सहावी मूठ अवचित आलेल्या माणसासाठी. ती घातली नाही तर भांडं रुसतं, असं तिच्या गावाकडे म्हणत. घाटकोपरच्या डोंगरावरच्या दोन खोल्यांतही तिने ते भांडं कधी रुसू दिलं नाही.

मी आठवीत होते आणि अतिशहाणी होते. गृहविज्ञानाच्या बाईंनी घरातल्या मापांची वजनं लिहून आणायला सांगितली, तेव्हा मी आईला वहीच दाखवली. ती हसली.

"इतकी वर्सा मुठीन घालतंय, कधी कमी पडला?"

तिच्या सहा मुठी डब्यात घेऊन मी खालच्या कच्छी वाण्याकडे गेले. त्याने तराजूत टाकल्या. बरोबर पाव किलो! मग घरून नेलेली एक वाटी त्याच डाळीने शीग न लावता भरली, ती दीडशे ग्रॅम. दोन्ही आकडे मी तारखेसकट लिहिले. आईच्या हाताचा मला त्या दिवशी भारी अभिमान वाटला.

दिवाळीनंतर वरण पातळ व्हायला लागलं. साकीनाक्याच्या कारखान्यातून दमून आलेले बाबा ताटात बघून म्हणायचे, "पाणी पितोय की जेवतोय?" स्वतःच्या ताटात आई भाताचं एक ढेकूळ घ्यायची आणि तेही चिवडत बसायची. चार दिवसांत संपणारी किलोभर डाळ पाचव्या दिवशीही डब्यात उरू लागली. मला वाटलं, वाण्याने जुनी, पोकळ डाळ गळ्यात मारली असणार.

पुन्हा आईच्या सहा मुठी आणि ती वाटी घेऊन दुकानात गेले. काटा दोनशेवर थांबला. चार गिऱ्हाइकांसमोर मी वाण्याला नको नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "वाटी लाव."

वाटी भरली, तोलली. दीडशे.

"डाळ तीच हाय, बेन," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "मूठ कोणाची?"

दोनशेचा आकडाही मी तारीख घालून वहीत उतरवला आणि डोंगर चढले. घरी आई कोथिंबीर निवडत होती. तिने हात वर केला तशा बांगड्या मनगटावरून घसरत पार कोपराशी गेल्या. त्या मी महिनाभर बघत होते आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला. तळव्याची गादी गेली होती, बोटांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या.

"तुझी मूठ लहान झालीय, आई."

तिला नवल वाटलं नाही, आणि मी त्यालाच घाबरले.

"माका ठाऊक आसा," ती म्हणाली. "ह्यांका सांगू नको. उद्यापासून सात घालूया."

सात घातल्या. वरण पुन्हा दाट झालं, बाबा दोनदा वाढून घ्यायला लागले आणि घरात सगळं ठीक असल्यासारखं वाटू लागलं. मी मात्र आई डब्यात हात घालायची तेव्हा मनात मोजायचे. सातच्या पुढे जाऊ नये म्हणून मी देवाला नवससुद्धा बोलले. होळीच्या सुमारास तिने आठवी मूठ घातली. त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं.

डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग बाबांना विचारलं, "ह्यांचं वजन उतरायला कधीपासून लागलं?"

"आत्ताच," बाबा म्हणाले. "महिनाभर झाला असेल."

मीही शाळेतून थेट दवाखान्यात आले होते; माझ्या दप्तरात ती वही होती. तिच्यात पाव किलो होतं, दोनशे ग्रॅम होतं आणि दोन्हींच्या पुढे माझ्याच सुवाच्य अक्षरात महिनाभराहून कितीतरी जुन्या तारखा होत्या. आई माझ्याकडे बघत होती. मी दप्तर उघडलं नाही.