बोळक्या आजोबांचं टोकन

तपासनीसांनी टोकनमावशींना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा त्या एका बोळक्या आजोबांना दातांना तारा बसवण्याच्या विभागाचं टोकन फाडून देत होत्या. आजोबांच्या तोंडात औषधालाही दात नव्हता. मावशींच्या कपाळावरची आठीसुद्धा हलली नाही. “खिडकीजवळच्या बाकावर बसा, वारा येतो तिथे,” एवढं सांगून त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

सरकारी दवाखान्यांचं काम नियमाने चालतं की नाही हे पाहत गावोगाव हिंडणं, ही तपासनीसांची नोकरी. या दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर समोरासमोर दोन विभाग होते. डावीकडे दातांच्या तारांचा. तिथले बाक गच्च भरलेले. उजवीकडे ‘मानसिक आरोग्य विभाग’ अशी हातभर उंच अक्षरांची पाटी, आणि तिच्याखाली वीस हिरव्या खुर्च्या, एकजात रिकाम्या. दोन्हींच्या मध्ये मावशींची खिडकी.

नोंदवहीही तेच सांगत होती. दातांकडे दिवसाला सरासरी एक्केचाळीस पेशंट, मनाच्या डॉक्टरांकडे चार. रोज दहापेक्षा कमी पेशंट येत असतील, तर तो विभाग मोठ्या शहरातल्या इस्पितळात हलवावा, असा नवा नियम आला होता. मोठं शहर तीन तासांवर. तपासनीसांनी तसा अर्ज भरून पिशवीत ठेवला होता, फक्त सही राहिली होती. पण ते बोळके आजोबा काही त्यांच्या डोक्यातून जाईनात.

ते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई एका मुलीच्या तारा आवळत होत्या. एक्केचाळीस हा आकडा ऐकून त्यांनी हातातला चिमटाच खाली ठेवला. एकेका तोंडाला अर्धा तास लागतो, चौदा झाले की आपली मान धरते, बाकीचे सत्तावीस कोण तपासतं ते आपल्यालाही सांगा, असं त्या म्हणाल्या. तपासनीसांच्या मनात पाल चुकचुकली. खोट्या नोंदी त्यांनी आजवर पुष्कळ पकडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ते टोकन न घेताच बाकावर जाऊन बसले. शेजारी तेच आजोबा. तारा कधी बसणार, असं त्यांनी साळसूदपणे विचारलं.

“सुनेला तरी तसंच सांगून आलोय,” आजोबा म्हणाले आणि नुसत्या हिरड्यांनी हसले. “तीही हो म्हणाली. गुणाची आहे.”

एवढ्यात मावशींनी खिडकीतून मान हलवली. आजोबा उठले, तारांच्या खोलीशेजारून खिडकीच्या मागे वळणाऱ्या बोळातून पुढे गेले. तपासनीस त्यांच्या मागोमाग निघाले. बोळाच्या टोकाला एक अडगळीची खोली होती. तिच्यात फळ्यांवर कवळ्यांसारखे दिसणारे दातांचे शेकडो प्लास्टरचे साचे जबडे वासून बसले होते. त्यांच्यामधून वाट काढत आजोबांनी पलीकडचं दार ढकललं आणि ते थेट मनाच्या डॉक्टरांपुढे जाऊन बसले.

तपासनीस खिडकीशी परत आले तेव्हा मावशींना सारं कळून चुकलं होतं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. दवाखान्यात येण्याआधी त्या एका सिनेमागृहात तिकिटं विकत. माणूस खिडकीशी आला की आधी त्याचा चेहरा वाचायचा, ही सवय तिथली. इथे आल्यावर त्यांनी पाहिलं, की माणसं जिना चढतात, ती पाटी वाचतात, बाकावर एखादं ओळखीचं तोंड दिसतं आणि तशीच खाली उतरतात. शाळेची बस चालवणारा एक जण असा तीनदा परत गेला. चौथ्यांदा मावशींनीच त्याला हाक मारली, दात दुखतोय ना, मग इथे बसा म्हणाल्या. तो बसला. तिथून हे सुरू झालं.

“दातासाठी आलो म्हटलं की कोणी वळूनही बघत नाही, साहेब. मनासाठी आलो म्हणा, अख्खी गल्ली चौकशीला येते.”

तपासनीसांनी पिशवीतला अर्ज काढून पुढे केला. मावशींनी तो सावकाश, ओठ हलवत वाचला. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे हा विभाग मीच बंद पाडतेय?”

“नोंदवहीप्रमाणे, हो. डॉक्टरांचे कागद गोपनीय असतात, ते मला उघडता येत नाहीत. मला मोजायला फक्त तुमची खिडकी आहे.”

मावशींनी वाकून टेबलाखालून बिस्किटांचे चार मोठे डबे ओढले. टोकन फाडल्यावर पुस्तकात जो तुकडा उरतो, ते सगळे तुकडे वर्षवार बांधलेले. कोणाला बोळातून आत सोडायचं हे गर्दीत विसरायला नको, म्हणून त्या तुकड्याचा कोपरा दुमडायच्या. सिनेमागृहात आरक्षित खुर्च्यांचं तसंच करत. तुकड्यावर तारीख होती, नंबर होता, नाव कोणाचंच नव्हतं.

दोघं दुपारभर दुमडलेले कोपरे मोजत बसले. मावशींचा हात इतका झरझर चाले, की तपासनीस मागे पडले. “साहेब, असे मोजाल तर खेळ सुटेल,” असा टोमणाही त्यांना खावा लागला. शेवटी हिशेब लागला. रोजचे सत्तावीस लपून येणारे, चार उघड येणारे. एकूण एकतीस.

तपासनीसांनी तो अर्ज फाडला आणि नवा अहवाल लिहिला. विभाग इथेच राहावा. साऱ्या मजल्याला एकच नोंदवही असावी आणि बाकही सगळ्यांना सामाईक असावेत. पाटी काढून खोल्यांवर नुसते आकडे लावावेत. चुकीच्या नोंदी केल्याबद्दल मावशींना लेखी समज द्यावी, हेही त्यांनी लिहिलं. ते लिहिणं त्यांना चुकवता येत नव्हतं, आणि तसं त्यांनी मावशींना तोंडावर सांगितलं.

“द्या की,” मावशी म्हणाल्या. “बारा वर्षांत सरकारने मला एक ओळ लिहिलेली नाही. घरी दाखवीन.”

पाटी महिन्याभरात उतरली. मनाचे डॉक्टर आता खोली क्रमांक चारमध्ये बसतात आणि त्यांना मदतीला एक समुपदेशक मिळाली आहे. टोकनमावशींच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं आहे. त्या रोज साडेआठला येतात आणि नऊच्या ठोक्याला पहिलं टोकन फाडतात.