गोधडीचा घास

सिरसाळ्याच्या माझ्या शाळेला लागूनच एका बाईचं घर. मधली सुट्टी झाली की ती दारात येऊन उभी राही. "मास्तर, खडू द्या. पट्टीबी द्या." हैदराबादेहून येणारे निजाम सरकारचे खडू, पण तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. जुन्या लुगड्यावर ती पट्टी धरून रेघ ओढायची, रेघेवर चार टाके घालायची की लगेच उठून घाटनांदूरच्या वाटेकडं बघायची. तिकडं तिची लेक नांदत होती. पहिलटकरीण, दिवस भरत आले तरी सासू माहेरी धाडत नव्हती. गोधडी होणाऱ्या बाळासाठी होती.

"कावून धाडत न्हाईत, मास्तर?" असं मलाच विचारी आणि उत्तराला न थांबता निघून जाई.

आमच्याकडं गोधडी कडेकडून आत शिवत आणतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून मधोमध भाकरीचा तुकडा ठेवून त्यावर शेवटचं ठिगळ लावतात. ते ठिगळ तेवढं राहिलं होतं.

"पाटीवरची पेन्सिल द्या," ती म्हणाली.

"पेन्सिलीनं कापडावर रेघ उमटत नाही."

"रेघंला न्हाई. पोरीला पेन्सिलीचे डोहाळे लागलेत. सासू खाऊ देत न्हाई. भाकरीच्या जागी हीच शिवते. हाताला बरोबर लागंल तिच्या."

माझ्या वर्गात कोपऱ्यात बसून पेन्सिली खाते म्हणून याच आईनं त्या पोरीला लई बडवलं होतं.

तिनं पेन्सिल मोडली. अर्धी ठिगळाखाली शिवली, अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली आणि वाटेकडं बघत कुरूम कुरूम चावू लागली. मी नकळत मागं वळून वर्गाच्या रिकाम्या कोपऱ्याकडं पाहिलं.