उताणी पडलेली मेंढी

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा ख्राइस्टचर्चमध्ये दुपार होती. "दादा, आबा गेले रे," एवढंच ती म्हणाली. मी गावी, शिरड शहापूरला पोचेपर्यंत अंत्यविधी उरकला होता. आमच्या आबांनी, वडिलांनी, जन्मभर मेंढरं राखली. त्यांची काठी दाराशी तशीच उभी होती, आणि ती बघून मला आठवली ती आगगाडी...

तीन वर्षांपूर्वी ते माझ्याकडे न्यूझीलंडला आले, तेव्हा मोठ्या हौसेनं मी त्यांना डोंगरांतून पश्चिम किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं. छतापर्यंत काचा, निळ्याशार नद्या, वर बर्फ. मी एकेक दाखवत होतो आणि आबा आपले मेंढरं बघत होते. "लोकर लई हाय, पण राखणारा कुठंच दिसून न्हाई राहिला," असं त्यांचं चाललेलं. मध्येच ते ताडकन उठले. "थांबव गाडी." काय झालं विचारलं तर म्हणाले, "मेंढी उताणी पडून राहिली. गाभण हाय. कोणी उठवली न्हाई तं मरते ती." आणि खिडकीच्या वर साखळी शोधू लागले. साखळी नव्हतीच. लोक माना वळवून बघायला लागले, आणि मला, याच माणसानं मेंढरांमागं चालून शिकवलेल्या मला, त्यांची लाज वाटली. "बसा खाली, आबा. इथं असं चालत नाही," मी खेकसलो. डब्यातल्या कर्मचारी बाईला सांगितलं असतं, तर तिनं मालकाला कळवायची काहीतरी सोय केली असती. मी सांगितलं नाही. पुढे दरी आली, पूल आले, बोगदा आला. आबा हातावर हात ठेवून बसून होते.

संध्याकाळी त्याच गाडीनं परतलो. आबांचा डोळा लागला होता. ती जागा आली. मेंढी तिथंच होती, चारी पाय वर... हलत नव्हती. थोड्या वेळानं जागे होऊन त्यांनी विचारलं, "दिसली का रे?"

"उठली," मी म्हणालो. "मी मालकाला निरोप दिला होता."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि घरी येईपर्यंत खुशीत बोलत राहिले.

दहाव्याला आबांचे मेंढरांमागचे जोडीदार किसनमामा माझ्याजवळ येऊन बसले. "तू तिकडं मेंढी वाचवली म्हणे. आबा साऱ्या गावाला सांगायचे, पोरगं सायब झालं पण मेंढरू इसरलं न्हाई." मला खरं सांगायची हिंमत झाली नाही.

ख्राइस्टचर्चला परतल्यावर, गेल्या आठवड्यात, कामावर जाताना कुंपणापलीकडे एक मेंढी उताणी दिसली. उशीर झाला होता, तरी गाडी थांबवली आणि तारेवरून पलीकडे गेलो. लहानपणी आबांनी शिकवलं होतं, उठवली की लगेच सोडायची नाही. तिचे पाय सुन्न झालेले असतात, तिला आपल्या गुडघ्यांत धरून उभं राहायचं. तशी धरली. ही काही ती मेंढी नव्हती, हे मला कळत होतं... जरा वेळानं तिच्या पायांत जोर आला, ती सुटायला बघू लागली. तरी मी तिला धरूनच होतो.