चार बोटं जास्त

यमुनाबाई पडदा शिवायला बसल्या की खालच्या कडेला चार बोटं कापड जास्तीचं दुमडायच्या. पुढच्या क्वार्टरची खिडकी उंच निघाली तर शिवण उसवून पडदा खाली सोडता येतो, हे शहाणपण त्यांना लग्नानंतरच्या दुसऱ्याच बदलीत आलं होतं. नवरा फौजेत, गाव साताऱ्याकडचं आणि सगळा संसार काळ्या ट्रंकांमध्ये. अशा बाईला कापड जपायला कुणी शिकवावं लागत नाही. रंगाचंही तेच. कुठल्याही भिंतीला चालेल, धूळ बसली तरी दिसणार नाही, असा मळखाऊ बदामी रंग त्या जन्मभर घेत आल्या. एखादी शेजारीण म्हणायचीच, "भाभीजी, कभी कुछ खिलता हुआ भी लीजिए." यमुनाबाई हसून चहा टाकायला उठायच्या.

एकदाच त्यांचा पाय घसरला होता. झाशीच्या क्वार्टरमध्ये, लेक क्षितिजा रांगत होती तेव्हा, त्यांनी पलंगामागची भिंत हौसेनं पिवळी करून घेतली. लाजरा पिवळा नाही, नवरीच्या हातापायांना लागते ती चांगली ठसठशीत हळद. रंगाचा वासही गेला नव्हता आणि बदलीची ऑर्डर आली. क्वार्टर जसं मिळालं तसंच परत करायचं, असा फौजेचा नियम. त्यांचे यजमान शंकरराव यांनी बादलीत पांढरा रंग कालवला आणि दुपारच्या आत भिंत पांढरी करून टाकली. यमुनाबाई स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळत होत्या. त्या रडल्या नाहीत. पण घराला जीव लावला की ऑर्डर येते, अशी गाठ मनाशी पडली ती पडलीच. बोलून दाखवलं असतं तर कुणीही हसलं असतं, म्हणून त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

पुढे शंकरराव सुभेदार होऊन चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीतून निवृत्त झाले. क्षितिजाला मोहालीत नोकरी लागली होती, गावच्या घरात दिरांची मुलं नांदत होती, तेव्हा इथंच राहायचं ठरलं. चंडीगडच्या सेक्टर चाळीसमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. वास्तुशांत झाली, पुरणपोळ्या झाल्या, शेजारच्या सरदारणीनं तीन मागून खाल्ल्या. तरी यमुनाबाईंनी भिंतीत एक खिळा ठोकू दिला नव्हता. देव स्टुलावर, कॅलेंडर दाराच्या कडीला आणि दोन ट्रंका कुलपासकट तशाच. "असू दे, लागत्यात," एवढंच त्यांचं उत्तर.

मे महिना लागला आणि जुन्या पडद्यांनी हात टेकले. या खिडक्या रुंद, पडदे अरुंद. सकाळी साडेपाच-सहालाच ऊन दोन्हीकडून आत घुसून शंकररावांच्या डोळ्यांवर यायचं. क्षितिजा म्हणाली, "मम्मी, ये पर्दे अब म्यूज़ियम में दे दो. ब्लाइंड्स लगवाते हैं, पक्का."

बावीस सेक्टरच्या बाजारात गुरमीतजींचं पडद्यांचं आणि वर गुंडाळायच्या कापडी ब्लाइंडचं दुकान होतं. त्यांनी नमुन्यांचं जाडजूड पुस्तक पुढ्यात उघडलं. शंकररावांनी पहिल्या झटक्यात फौजी हिरवा धरला.

"नजरेला थंड," ते म्हणाले.

"पापा, घर है, जीप नहीं है," असं म्हणत क्षितिजानं राखाडी पुढं केला. गुरमीतजी दोघांनाही "क्या बात है जी!" म्हणत होते. त्या माणसाला न आवडणारा रंग अजून निघायचा होता.

यमुनाबाई पानं उलटत होत्या. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. पिवळा! तीच हळद. क्षणभर त्यांनी कापडावरून अंगठा फिरवला.

"ये? ले लो ना," क्षितिजा म्हणाली.

"नको बाई. लगेच मळंल." त्यांनी घाईनं पान उलटलं. "बदामी बरा. कुठंबी चालतो."

"बदामी तो सदाबहार है, आंटीजी," गुरमीतजींनी लगेच री ओढली. माप घ्यायला माणूस पाठवतो म्हणाले, तर यमुनाबाईंनी हातच वर केला. माप त्यांनी घरीच घेऊन ठेवलं होतं. देशभरच्या खिडक्या मापून झालेल्या बाईनं दुसऱ्यावर का विसंबावं? त्यांनी तिन्ही खिडक्यांची मापं घडाघडा सांगितली आणि गुरमीतजींनी उतरून घेतली.

आठवड्यानं ब्लाइंड तयार होऊन आले. ते बसवायला गुरमीतजी स्वतः आले होते. पहिला खिडकीच्या चौकटीत धरला, बसेना. दुसरा धरला, तोही रुंद. तिसऱ्याची तीच तऱ्हा. शिवाय तिन्ही खाली फरशीकडे लोंबत होते.

शंकररावांना थट्टेला निमित्तच पाहिजे होतं. "अगं, माप टेपनं घेतलंस का नुसत्या अंदाजानं?"

"टेपनंच घेतलं," यमुनाबाई ठसक्यात म्हणाल्या. "आन् वर चार बोटं जास्त धरली, रुंदीला बी आन् लांबीला बी."

"ती कशाला?"

"कशाला म्हंजे? पुढच्या घराला..."

आणि त्या तिथंच थांबल्या.

"कौनसा अगला घर, मम्मी?" क्षितिजानं हळूच विचारलं. कुणी हसलं नाही. शंकररावसुद्धा नाही.

गुरमीतजींना मराठी कळत नव्हती, पण काहीतरी बिनसलंय हे समजलं. त्यांनी घाईनं उपाय सांगितला. ब्लाइंड चौकटीच्या बाहेर, भिंतीवर लावता येईल, मग कापायची गरज नाही. उद्या दुसरीकडे न्यायचा झाला तर उतरवून न्यायचा. नाहीतर चौकटीच्या मापाचा कापून आत बसवायचा, तो दिसायला देखणा. "पर एक बार कट गया, तो फिर इसी खिड़की का है, आंटीजी. और कहीं नहीं लगेगा."

यमुनाबाईंनी बदामी ब्लाइंड हातात घेतला. बाहेरून लावा म्हटलं की प्रश्न मिटत होता. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं, सगळं उतरवता येईल असं लावलं होतं. पण त्या बेताच्या बदामी कापडाकडे बघताना त्यांना मनापासून राग आला, रंगाचाही आणि स्वतःचाही.

"मला पिवळा पायजे होता," त्या म्हणाल्या. "झाशीपासनं पायजे होता."

शंकरराव त्यांच्याकडे वळले. "मग दुकानात का बोलली न्हाईस?"

"भ्या वाटतं. मला काय आवडलं, की ऑर्डर येती. भिंत वाळायच्या आत आली हुती, आठवतंय का?" त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. "हे घर मला लई आवडलंय हो. म्हणून तर."

शंकररावांना ती भिंत आठवत होती. त्यांच्या हातांना आठवत होती. मग मिशीवर हात फिरवत ते म्हणाले, "आता कोण काढतंय ऑर्डर? मला तर भाजी आणायलासुद्धा तूच हुकूम करतीस. तू हल म्हटल्याबिगर ह्या घरातनं कोण हलत न्हाई."

क्षितिजा आईला बिलगली आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "पिवळाच घ्यायचा, मम्मी. आपल्याला पिवळाच."

तयार बदामी ब्लाइंडांचं काय करायचं, या विचारानं गुरमीतजींचा चेहरा उतरला होता. त्याची तोड यमुनाबाईंनीच काढली. चंडीमंदिरच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आलेली इंद्रायणी, सांगलीकडची पोर, नवरा फौजेत नाईक, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. "तिला दिऊ. ती भिंतीवर लावंल, आन् बदली झाली की काढून नेईल. तिचं सगळं फिरायचंय अजून. चार बोटं तिला उपेगी पडतील."

मग पिवळ्याचं माप घ्यायचं ठरलं. शंकरराव खुर्चीवर चढले, टेपचं टोक त्यांनी चौकटीच्या कोपऱ्यात दाबून धरलं. खाली यमुनाबाईंनी टेप ताणला आणि सवयीनं त्यांची चार बोटं टेपवर पुढं ठेवली गेली.

"किती धरायचं?" शंकररावांनी वरून विचारलं.

त्यांनी बोटं मिटून घेतली. "चौकट जेवढी हाय, तेवढंच."

पिवळे ब्लाइंड लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाईंना जाग आली ती उजेडानं. पूर्वेचं ऊन ब्लाइंडमधून गाळून आत येत होतं आणि पलंगामागची पांढरी भिंत पिवळी झाली होती, झाशीच्या भिंतीसारखी. शंकररावही जागे होऊन तिकडेच बघत पडले होते. यमुनाबाई थोडा वेळ उशाशी टेकून बसल्या. मग उठून ट्रंकेचं कुलूप काढलं, तळातून हातोडी शोधली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"उठा. देवांना भिंतीवर जागा करायची हाय."