अर्धा काळा गोल

जऊळका स्टेशनवर बाबा गाडी हलेपर्यंत माझ्याकडे न बघता माझ्या बॅगेकडे बघत बोलत होते. “सुया टोचाले शिकाले पुण्यालेच कायले जाऊन राह्यली?” दादा शेजारी उभा राहून हसला. “दिवाळीले येते पाहा वापस, रडत.” तेव्हा मी खरंच रडले होते. आता त्या हसण्याची कीव येते.

आज मी पुण्यात बीएस्सी नर्सिंगच्या पोरींना जीनोमिक्स शिकवते. गावात राहिलेले तुम्ही निदान हे काय असतं ते विचारता. माझ्यासारखे इकडे आलेले थेट पगार विचारतात. आईबापाकडून अंगात काय काय उतरलं, ते वाचायचं हे शास्त्र. आमच्या स्टाफरूमला त्याचंही ओझं. एक सर म्हणतात, “मॅडम, पोरींना सलाईन नीट लावता आलं तरी पुष्कळ झालं.” बाबांचंच वाक्य, फक्त इस्त्री केलेलं.

पहिल्या तासाला मी बोर्डावर एक कुटुंब काढते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवराबायकोला जोडणारी आडवी रेघ. आजारी माणूस पूर्ण काळा; दोष रक्तात असून स्वतः आजारी नाही, म्हणजे नुसता वाहक असेल, तर अर्धा. कुटुंब माझंच असतं, नावं सांगत नाही. पूर्ण काळा चौकोन म्हणजे माझा धाकटा भाऊ बबलू. सिकलसेलनं गेला, आईबापाकडून उतरणाऱ्या रक्ताच्या आजारानं. तो सांधे धरून विव्हळायचा आणि घरचे त्याच्यावरून मिरच्या ओवाळायचे. अर्धा काळा गोल मी.

मागच्या वर्षी दादाचा फोन आला. त्याच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं होतं, तेही आमच्या ताईच्याच मुलाशी. मी म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासा. दोघंही वाहक निघाले तर त्यांच्या पोटी पुन्हा बबलू येऊ शकतो.

“घरातल्याच पोरायचं रगत तपासाचं?” दादा म्हणाला. “थे काय परके हायेत?”

बैल घेताना जबडा उघडून दात बघणारी ही माणसं. आपलं रक्त म्हणजे निर्धोक, एवढंच यांचं ज्ञान. धोका जिथे सगळ्यात जास्त, तिथेच यांचे डोळे मिटलेले. मला राग आला नाही, किळस आली. ज्या हातांनी बबलूला उचलून नेलं, त्याच हातांनी हा सुपारी फोडायला बसला होता.

मग मी पल्लवीलाच फोन करून सगळं समजावलं. ती घरात सांगून, आतेभावाला सोबत घेऊन वाशिमच्या दवाखान्यात गेली. दोघंही वाहक निघाले आणि पल्लवीनं लग्नाला नाही म्हटलं.

“तुह्यासाठी आता हे घर नाही,” दादानं मला कळवलं. आईनं फोन हातातही घेतला नाही. ठेवा तुमचं घर तुमच्यापाशी.

यंदा बोर्डावर पल्लवीचा गोल काढला, शेजारी ताईच्या मुलाचा चौकोन. दोन्ही अर्धे काळे. एका पोरीनं विचारलं, “मॅडम, यांच्या लग्नाची रेघ राहिली का?”

“नाही,” मी म्हटलं. “तिथे रेघ नाही.”

तास संपला की ते कुटुंब मी स्वतःच पुसते. घर म्हणून आता माझ्याकडे तेवढंच आहे, मार्करनं काढलेलं. पण त्यात बबलूनंतर एकही चौकोन किंवा गोल पूर्ण काळा नाही.