आत्याची दुसरी वाट

माझ्या आत्याला दमा होता, तरी सुकी मासळी विकायला ती घिवलीहून बोईसरच्या बाजारात चालत जायची. सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर असायचे. पुढे वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि त्या रस्त्याने दिवसभर ट्रक जाऊ लागले. डिझेलचा धूर नाकात गेला की तिची छाती घरघरायची. मग डोक्यावरची पाटी उतरवून ती कडेला बसून राहायची.

डॉक्टरांनी बाजार बंद करायला सांगितलं.

"बाजार नाय सोडणार," ती म्हणाली. "रस्ता सोडते."

त्यानंतर आम्ही पाम गावच्या शेतांतून, बांधावरून जाऊ लागलो. वाट लांबची होती. दमा काही गेला नाही, पण बाजारात पोचल्यावर गिऱ्हाइकांशी घासाघीस करण्याइतका श्वास तिला पुरायचा.